कुठली डिस्क खरी?

रात्री अकराला आठ मिनिटं कमी असताना कन्सोलवर एकामागोमाग एक सहा ओळी उमटल्या. सहा शॅडो सेट, म्हणजे डिस्कच्या सहा जोड्या, सहाही माउंट व्हेरिफिकेशनमध्ये: कुठलीतरी डिस्क उत्तर देत नव्हती. मी त्या वेळी एक साधा अहवाल छापायला लावून उठणार होते. परत खुर्चीत बसले.

आमचा क्लस्टर, म्हणजे एकाच डेटावर मिळून काम करणारा संगणकांचा गट, पाच यंत्रांचा होता. दोन यंत्रं पहिल्या जागी, दोन काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या जागी, आणि पाचवं तिसऱ्याच ठिकाणी, केवळ मत देण्यापुरतं. प्रत्येकाचं एक मत. पाच मतांना कोरम (चालू राहायला लागणारी किमान मतं) तीन, म्हणजे कुठलीही एक जागा पूर्ण गेली तरी उरलेल्या तिघांनी गाडा ओढायचा. ऑपरेटिंग सिस्टीम ओपनव्हीएमएस. प्रत्येक डेटा डिस्कची जोडी असायची. जोडी म्हणजे शॅडो सेट, जोडीतली प्रत्येक डिस्क म्हणजे मेंबर: एक मेंबर पहिल्या जागेच्या स्टोरेजमध्ये, दुसरा दुसऱ्या जागेच्या. प्रोग्रामला हे दोन मेंबर दिसत नाहीत. त्याला डीएसए१ ते डीएसए६ अशी सहा नावं दिसतात. लिहायला सांगितलं की दोन्हीकडे लिहिलं जातं आणि दोन्हीकडून 'झालं' आलं की मगच प्रोग्रामला 'झालं' म्हणून कळवलं जातं. वाचायचं असेल तर दोघांपैकी कुठल्याही एकीवरून.

कल्पना जुनी आहे. १९८८ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी रेडचे, म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या पद्धतींचे, स्तर क्रमाने मांडले तेव्हा मिररिंगला (दोन डिस्कवर तेच लिहिण्याला) १ हा क्रमांक मिळाला, पण टँडम कंपनीच्या यंत्रांमध्ये जोडीच्या डिस्क सत्तरच्या दशकातच होत्या. एका यंत्रावर दोन डिस्क जोडणं सोपं. पाच यंत्रं एकाच जोडीवर एकाच वेळी लिहीत असतील, आणि त्यातलं एखादं मधेच मेलं, तर काय करायचं हा खरा अवघड भाग. तो मला त्या रात्रीच्या काही वर्षं आधी एकदा चुकीचा कळला होता, म्हणून आधी ते सांगते.

नोकरीचं पहिलंच वर्ष. भर दुपारी एका यंत्राची मेमरी बिघडली आणि ते कोसळलं. बाकीच्यांनी वीस सेकंद त्याची वाट पाहिली, मग त्याला वगळून क्लस्टर पुन्हा बांधला. इथपर्यंत ठीक. पण त्यानंतर सगळे शॅडो सेट 'मर्जिंग' दाखवू लागले आणि लोकांचे फोन सुरू झाले की स्क्रीन उघडायला वेळ लागतोय. मी घाबरले. दोन डिस्कमध्ये फरक पडलाय म्हणजे एक खरी आणि एक खोटी, आणि यंत्र आपल्या मनाने एकीवरून दुसरी पुसतंय, असं मला वाटलं. मी आमच्या वरिष्ठांना विचारलं, "सर, कुठली डिस्क खरी हे त्याला कसं कळतं?"

ते म्हणाले, "अगं, कळत नाही. कळायची गरजच नाही."

मग त्यांनी कागदावर दोन चौकोन काढले. मेलेलं यंत्र एक नोंद लिहीत होतं. पहिल्या डिस्कवर ती पोहोचली, दुसरीवर पोहोचायच्या आत यंत्र गेलं. आता एका डिस्कवर नवी नोंद आहे, दुसरीवर जुनी. पण प्रोग्रामला 'झालं' असं कुणीच सांगितलेलं नाही. म्हणजे ती नोंद झाली असं धरलं तरी कुणाची फसवणूक नाही, आणि झाली नाही असं धरलं तरीही नाही. फसवणूक एकाच प्रकारे होते: आत्ता वाचलं तेव्हा नवी नोंद दिसली आणि पाच मिनिटांनी वाचलं तर जुनी दिसली, कारण या वेळी वाचन दुसऱ्या डिस्कवरून झालं. दिसलेली नोंद नाहीशी होणं, हे कुठलाच डेटाबेस पचवू शकत नाही. म्हणून मर्जचं काम खरी डिस्क शोधण्याचं नाही. दोघींना एकच बोलायला लावण्याचं आहे. एकीला मुख्य धरायचं, तिच्याशी दुसरी ताडून बघायची, फरक सापडला की मुख्य डिस्कवरचं दुसरीवर उतरवायचं.

आणि लोकांना जाणवणारा मंदपणा? मर्जची एक सीमारेषा डिस्कवरून पुढे सरकत असते. रेषेच्या मागचा भाग जुळलेला. रेषेच्या पुढचं काही वाचायचं झालं तर ते दोन्ही डिस्कवरून वाचून ताडून मगच द्यावं लागतं, नाहीतर वर सांगितलेली फसवणूक होऊ शकते. त्यामुळे पहिले काही तास वाचन महाग पडतं. लिनक्सवर एमडी (तिथली डिस्क जोडण्याची सोय) वापरणाऱ्यांनी असं काहीसं पाहिलं असेल: यंत्र अचानक बंद पडलं की पुढच्या वेळी रिसिंक, म्हणजे डिस्क पुन्हा जुळवणं, सुरू होतं. तिथेही पहिली डिस्क दुसरीपेक्षा जास्त 'खरी' असते म्हणून नव्हे, एकीला धरून चालायचं म्हणून.

त्या दिवशी सगळे सेट जुळायला रात्र उलटली, कारण कुठे फरक पडला असेल याची नोंदच कुणी ठेवत नव्हतं. संपूर्ण डिस्क पहिल्या ब्लॉकपासून (ब्लॉक म्हणजे डिस्कवरचा छोटा, ठरावीक मापाचा कप्पा) शेवटपर्यंत तपासायची. पुढे आम्ही बिटमॅप चालू केले. डिस्कचे १२७-१२७ ब्लॉकचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला एक बिट. त्या तुकड्यात लिहायला गेलं की बिट लावायचा. मग यंत्र कोसळल्यावर फक्त लावलेल्या बिटांचे तुकडे ताडले की झालं. लिनक्सचा राइट-इंटेंट बिटमॅप याच घराण्यातला. बिटमॅप मेमरीत असतात, म्हणून एक प्रत पहिल्या जागेच्या यंत्रात आणि एक दुसऱ्या जागेच्या यंत्रात ठेवायची अशी पॉलिसी मी स्वतः लिहिली. तेव्हाच्या पाचही सेटसाठी: डीएसए१, डीएसए२, डीएसए४, डीएसए५, डीएसए६.

डीएसए३ तेव्हा नव्हता. जुना सेट काढून मोकळा झालेला तो क्रमांक नंतर एका नव्या, मोठ्या संग्रहाला दिला. त्याची पॉलिसी लिहायची मी विसरले. हे मला त्या रात्री कळलं.

तर ती रात्र. दुसऱ्या जागेचं स्टोरेज पूर्ण बंद पडलं होतं, दोन्ही वीजपुरवठा मॉड्यूल एकदम. माउंट व्हेरिफिकेशन म्हणजे यंत्र डिस्कला हाका मारत बसतं. तोवर त्या सेटवरची सगळी कामं जागच्या जागी थांबतात. कुणाला चूक येत नाही, फक्त उत्तर येत नाही. आमच्याकडे हा मेंबरसाठीचा कालावधी एकशेवीस सेकंदांचा होता. तो संपला की जो मेंबर उत्तर देत नाही त्याला सेटमधून काढून टाकायचं आणि उरलेल्यावर पुढे जायचं. हे काढणं पाचही यंत्रांनी एकमताने करायचं असतं. एकाने काढला आणि दुसरा अजून त्यावर लिहितोय असं चालत नाही. दोन मिनिटांनी सहा मेंबर बाहेर गेले आणि फोन वाजायच्या आत काम सुरूही झालं. मी दुसऱ्या जागेच्या तंत्रज्ञाला उठवलं, आणि आता आपण एका पायावर उभे आहोत हे वहीत लिहिलं. १०:५४.

अकरा अडतीसला पहिल्या जागेची वीज गेली.

कारण नंतर कळलं: यूपीएसची देखभाल चालू होती आणि बदली लाइनवर जाताना ती गेली. कुणाची चूक होती यावर पुढे महिनाभर बैठका झाल्या. त्यात मला रस नाही. पहिल्या जागेची दोन्ही यंत्रं आणि स्टोरेज, सगळं अंधारात. क्लस्टरने आपलं काम चोख केलं. वीस सेकंदांची वाट, मग दुसऱ्या जागेची दोन यंत्रं आणि तिसऱ्या जागेचं एक, तीन मतं, कोरम शाबूत. प्रत्येक यंत्राची सिस्टीम डिस्क वेगळी आणि स्वतःची असल्यामुळे मला कन्सोलवर सगळं दिसत होतं. फक्त डेटा कुठेच नव्हता. सहाही सेटचा उरलेला एकुलता मेंबर पहिल्या जागी होता. शेवटच्या मेंबरला ते दोन मिनिटांचं घड्याळ लागू नसतं. त्याला बाहेर काढून उरणार काय? त्याच्यासाठी वेगळी मुदत, आमच्याकडे तीन हजार सहाशे सेकंद. एक तास. त्या तासात डिस्क परतली तर थांबलेली सगळी कामं जिथे होती तिथून पुढे चालू होतात. नाही परतली तर अडकलेली प्रत्येक लिखाई चूक म्हणून परत जाते आणि मग सगळं उतरवून नव्याने उभं करायचं.

सात मिनिटांनी दुसऱ्या जागेच्या तंत्रज्ञाचा फोन. "मॅडम, स्टोरेज चालू झालं. सगळे दिवे हिरवे."

एरवी याहून चांगली बातमी नसती. आता मात्र तीच पंचाईत झाली. कारण आता माझ्यासमोर सहा धडधाकट डिस्क होत्या, चालती यंत्रं होती, कोरम होता, आणि त्या डिस्कवर १०:५२ पर्यंतचं जग होतं. १०:५२ ते ११:३८ या शेहेचाळीस मिनिटांत जे झालं ते फक्त अंधारातल्या डिस्कवर.

व्यवस्थापक फोनवर होते. त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता. "डिस्क दिसतायत ना तुम्हाला? मग यंत्रं रीबूट करून त्यांच्यावर उठवा. शेहेचाळीस मिनिटांचं काम आपण सकाळी हाताने भरून घेऊ."

मी म्हटलं, "सर, अडचण शेहेचाळीस मिनिटांची नाही. मी आत्ता या डिस्कवर काम सुरू केलं की आपल्याकडे दोन वह्या होतात. एका वहीत १०:५२ नंतरची शेहेचाळीस मिनिटं आहेत, दुसरीत आत्तापासूनची. पावत्यांचे क्रमांकसुद्धा तेच पुन्हा जातील. या दोन वह्या शिवून एक करणारं सॉफ्टवेअर नाही."

आणि याहून वाईट गोष्ट मी त्यांना लगेच सांगितली नाही. प्रत्येक मेंबरवर सेटच्या पिढीची खूण असते. सेट ज्या मेंबरवर शेवटचा उभा राहिला त्याची खूण सर्वांत नवी. मी या शिळ्या डिस्कवर सेट उभा केला असता तर खूण त्यांची नवी झाली असती. मग पहाटे वीज आल्यावर कुणी भल्या हेतूने पहिल्या जागेच्या डिस्क सेटमध्ये परत घातल्या असत्या तर यंत्राने त्यांना जुन्या समजून, नियमाप्रमाणे, वरपासून खालपर्यंत शिळ्या डेटाने झाकून टाकलं असतं. शेहेचाळीस मिनिटं तेव्हा खरी गेली असती. आणि आमची स्टार्टअप फाइल अशी होती की रीबूट झालं असतं तर तिने जो मेंबर दिसतो त्याच्यावर सेट उभा केला असता, कुणाला न विचारता. म्हणून त्या तासात माझं मुख्य काम एकच होतं: दुसऱ्या जागेच्या यंत्रांना कुणालाही हात लावू न देणं. तंत्रज्ञाला मी सांगितलं की तिथल्या कीबोर्डजवळ उभा राहा आणि कुणी बटण दाबायला आलं तर मला फोन लाव.

मर्जच्या वेळी मी जो प्रश्न विचारला होता तो तेव्हा निरर्थक होता. या वेळी तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा झाला, आणि त्याचं उत्तर कुठल्याही बिटमध्ये नव्हतं. कॉपीला दिशा असते. दिशा चुकली की यंत्र ती चूक अतिशय निष्ठेने, शंभर टक्के पूर्ण करतं.

घड्याळाकडे बघत बसण्याचं वर्णन काय करायचं. बारा एकवीसला पहिल्या जागी तात्पुरत्या जनरेटरवर वीज आली. स्टोरेजच्या कंट्रोलरना उठायला वेळ लागतो, तो लागला. बारा एकोणतीसला मुदतीची नऊ मिनिटं उरलेली असताना कन्सोलवर पहिली ओळ आली, डीएसए१चं माउंट व्हेरिफिकेशन पूर्ण. मग बाकीच्या पाच. दुसऱ्या जागेच्या यंत्रांवर एक्कावन्न मिनिटं गोठलेले प्रोग्राम काही झालंच नाही अशा थाटात पुढे चालू लागले. पहिल्या जागेच्या यंत्रांवरची कामं अर्थातच मेली होती. त्यांचे अर्धवट व्यवहार डेटाबेसने आपल्या जर्नलवरून (बदलांच्या नोंदवहीवरून) मागे घेतले. मर्जची चिंता नव्हती. सेटमध्ये एकच डिस्क होती, तिची विसंगती कुणाशी असणार?

राहिला भाग दुसऱ्या जागेचे मेंबर परत घेण्याचा. बाहेर गेलेला मेंबर आपणहून परत येत नाही, माउंटची, म्हणजे डिस्क वापरात घेण्याची, आज्ञा देऊन घ्यावा लागतो. पाच सेटना माझी पॉलिसी होती आणि तिच्यात बिटमॅप दुहेरी कामाचे ठेवले होते: मेंबर अचानक बाहेर गेला तर त्यानंतरच्या लिखाईची नोंद त्याच बिटमॅपमध्ये होत राहते. पहिल्या जागेच्या यंत्रातली प्रत विजेबरोबर गेली, दुसऱ्या जागेची जिवंत होती. शेहेचाळीस मिनिटांत जेवढे तुकडे बदलले तेवढेच उतरवायचे. पाचही सेट मिळून चार मिनिटं लागली नसतील.

डीएसए३ ला आज्ञा देताना मी थांबले. बिटमॅप नाही, म्हणजे पूर्ण कॉपी, काही तासांची. आणि इथे एक गोष्ट मला पहिल्यांदाच लख्ख दिसली. या क्षणी दुसऱ्या जागेची डिस्क शिळी आहे, पण सुसंगत आहे. १०:५२ चं एक पूर्ण, वाचता येणारं चित्र आहे. कॉपी सुरू केली की ते चित्र वरून पुसायला सुरुवात होणार. निम्म्यावर आलो आणि पहिल्या जागेचा जनरेटर दगावला तर हातात राहणार अर्धी नवी, अर्धी जुनी डिस्क, म्हणजे ना इकडची ना तिकडची. यंत्रही अशी अर्धवट डिस्क आपणहून खरी मानत नाही, आणि बरोबरच आहे.

कागदावर चौकोन काढून समजावणाऱ्या त्या वरिष्ठ सरांना फोन लावला. ते तोवर सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर होते, पण पहिल्या घंटीला उचलला. ते म्हणाले, "लगेच सुरू कर. जोडी नसलेली प्रत्येक मिनिट धोक्याची."

"सर, सुरू केली की असलेला आधारही जातो. वीज अजून जनरेटरवर आहे."

थोडा वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "तुझ्यासमोर आहे, तू ठरव."

मी थांबायचं ठरवलं. जनरेटर पुन्हा गेला असता तर शेहेचाळीस मिनिटं गमावून का होईना, उभं राहायला एक जागा होती. सर अजूनही म्हणतात की मी चुकले, पहिल्या जागेची डिस्कच त्या तासात यांत्रिक बिघाडाने गेली असती तर तू काय केलं असतंस? मुद्दा खोटा नाही. पण त्या रात्री तिथे वीज हा संशयित होता, डिस्क नव्हती. दोन वाजून दहा मिनिटांनी मुख्य लाइन परत आली, यूपीएसवाल्याने भार टाकून पाहिला, आणि सव्वादोनला मी आज्ञा दिली.

अंदाज पाच तासांचा होता, लागले साडेतीन. कारण मजेशीर आहे. ही कॉपी आंधळेपणाने लिहीत सुटत नाही. स्रोतावरचा तुकडा वाचते, लक्ष्यावरच्या तुकड्याशी ताडते, सारखे असले तर पुढे सरकते. वेगळे असले तरच लिहिते, आणि तेवढ्यात कुणी प्रोग्रामने स्रोत बदलला तर नाही ना, म्हणून पुन्हा वाचून ताडते. लोकांची कामं न थांबवता कॉपी करायची तर हा फेरा घ्यावाच लागतो. आमची शिळी डिस्क जवळपास सारखीच होती, म्हणून बहुतेक वेळ वाचण्यातच गेला. कोरी डिस्क घातली असती तर प्रत्येक तुकड्याला तो पूर्ण फेरा पडला असता. जुने लोक नवी डिस्क सेटमध्ये घालण्याआधी तिच्यावर बॅकअपने सरळ प्रत उतरवून ठेवायचे, ते वेडेपणाने नव्हे.

साडेतीन तास मी टक्के बघत होते. एकसष्ट टक्क्यांवर एक फोन आला आणि काळजाचा ठोका चुकला. छापायला लावलेला अहवाल कुठे आहे, असं कुणीतरी विचारत होतं.

पावणेसहाला टक्क्यांची ओळ नाहीशी झाली आणि दोन्ही मेंबरपुढे सारखीच स्थिती दिसू लागली. तरी मी दोन्ही डिस्क ब्लॉकमागून ब्लॉक ताडणारी तपासणी लावली. फरक शून्य. मग घरी गेले.

पुढच्या आठवड्यात तीन बदल केले. शेवटच्या मेंबरची मुदत एक तासावरून चार तासांवर नेली. स्टार्टअप फाइलमध्ये अट घातली की सेटचे सगळे मेंबर दिसल्याशिवाय माउंट करायचं नाही. एकच दिसत असेल तर माणसाला उठवायचं. आणि नव्या मेंबरवर कॉपी होण्याआधी त्याचं लेबल 'स्क्रॅच_डिस्क' असलंच पाहिजे, म्हणजे ही डिस्क पुसली तरी चालेल असं कुणीतरी आधी हाताने लिहिलेलं असलं पाहिजे. या अटींमुळे साधी सकाळची रीबूटही कधीकधी अडते आणि नवीन मुलं वैतागतात. वैतागू देत. व्यवस्थापकांनाही एकदा बसवून पिढीच्या खुणेची गोष्ट सांगितली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

डीएसए३ ची पॉलिसी त्याच सकाळी, घरी जायच्या आधी लिहिली होती. दोन महिन्यांनी डीएसए७ आला. त्याची पॉलिसी आधी लिहिली, मग डिस्क माउंट केली.